टाळूवरचं तेल

पोरगी बाळंतपणाला घरी आली आणि आमच्या ओसरीवर पुन्हा तेलाचा वास आला. सकाळी साडेआठच्या सुमारास माय पाटावर पाय लांब करून बसते आणि दोन्ही नडग्यांच्या मधल्या खाचेत पणतीला निजवते. वाटीतलं तीळतेल कोमट झालं की नाही हे ती खालच्या ओठाला लावून बघते. मग चार बोटं बुडवून बाळाच्या टाळूवर ठेवते. चोळत नाही, थापत नाही, नुसती ठेवते. तेल कानामागं ओघळतं आणि तो मऊ खळगा तिच्या बोटांखाली धकधकत राहतो.

"पाह्य, कसं पिऊन रायलं," माय म्हणते. "मेंदूले लागते ना तेल."

मी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. पंचवीस वर्षांपूर्वी, हीच पोरगी तिच्या पायांवर होती तेव्हा, मी मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं होतं की बाहेरून लावलेलं तेल मेंदूपर्यंत काही पोचत नाही. माय म्हणाली, "तुया मेंदूपर्यंत तं काईच पोचत नाई." विषय तिथंच संपला.

पण मेंदू कशाचा बनलाय, याबाबतीत ती माझ्यापेक्षा फार चुकीची नव्हती. मेंदूतलं सगळं पाणी काढून टाकलं तर जे कोरडं उरतं त्यातला जवळपास ६० टक्के भाग स्निग्ध पदार्थांचा असतो. (व्हॉट्सॲपवर 'मेंदू म्हणजे ६० टक्के चरबी' असं फिरतं, ते अर्धवट आहे. ओल्या मेंदूत तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं.) शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी जवळपास पाव हिस्सा या सव्वा-दीड किलोच्या गोळ्यात आहे, आणि तो बाहेरून येत नाही, मेंदू स्वतःच घरी बनवतो. आपल्याकडं मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्याला नावं ठेवतात. ही म्हण ज्यानं केली त्यानं कवटीच्या आत डोकावून पाहिलं होतं की काय, असं मला कधी कधी वाटतं.

वर्गात मी ही चरबी घाईघाईत उरकायचो. पेशीचं आवरण, मज्जातंतूवरचं वेष्टन, विजेच्या वायरीवरचं रबर. म्हणजे घरातलं लाकूडफाटा-सामान. हे सामान बोलतं, निरोप धाडतं, माणसाला जेवायला उठवतं आणि पानावरून उठवतंही, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेही मायच्या निमित्तानं.

आमची तेलघाणी. गाव दारव्ह्यापासून बारा किलोमीटर. आजोबांच्या काळात घाण्याला बैल होता, डोळ्यांवर झापड बांधलेला. बाबांच्या काळात मोटर आली. लोक आपापला जवस, तीळ, करडी, शेंगदाणा पोत्यात घेऊन यायचे, तेल न्यायचे आणि ढेप मजुरीत ठेवून जायचे. अंगणात ढेपीच्या थप्प्या आणि थप्प्यांपाशी मोठा वजनकाटा. घरातल्या प्रत्येक वस्तूला तेलाचा हात लागलेला. माझ्या चौथीच्या पुस्तकाची पानं उजेडाकडं धरली तर पलीकडचं दिसायचं.

माय या घरात १९७४ साली आली. लग्नातल्या फोटोत ती काडी आहे. गळ्याचं हाड मोजून घ्यावं अशी. माहेर बुलडाण्याकडचं. बहात्तरच्या दुष्काळात ती सोळा वर्षांची होती, रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची आणि दुपारी मिळणारी सुकडी अर्धी पदरात बांधून धाकट्या भावांना आणायची. लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचं नाव काढलं तरी ती आजही तोंड फिरवते. दोन वर्षांत तिथून ती आली ती थेट तेलाच्या घरात.

मी दहा वर्षांचा होईतो माय चांगलीच जाड झाली होती. गावात बाकीच्या बाया निंदणाला, कापूस वेचायला जाणाऱ्या, वाळून कोळ झालेल्या. त्यांच्यात माय उठून दिसायची. 'तेल पिऊन फुगली' हे तिच्या पाठीमागं म्हणायचे आणि 'चरबी चढली' हे तोंडावर. हा वाक्प्रचार आपल्या भाषेत फार सोयीचा आहे. अंगावर चढलेली आणि डोक्यात चढलेली, दोन्ही चरब्या एकाच शब्दात बसतात. जाड माणूस माजलेलाही असणार हे आपण बोलता बोलता ठरवून टाकतो.

एका बाजाराच्या दिवशी बाबांनी गिऱ्हाइकांसमोर गमतीनं तिला ढेपीच्या काट्यावर उभं केलं. ब्याऐंशी किलो. "दीड पोत्याच्या वर!" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले, मायही हसली. मीही हसलो, हे लिहून ठेवतो. त्या दिवसानंतर ती काट्यावर चढली नाही. दवाखान्यात वजन करायला सांगितलं तर म्हणायची, "मायं वजन मले मालूम हाय."

१९९८ मध्ये तिला शुगर निघाली. तालुक्याच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता सांगितलं, "आजी, तोंड बंद ठेवा." ती तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, जीवशास्त्राची पदवी ताजी होती. मी घरी येऊन फडताळाला कुलूप लावलं. आत शेव, चिवडा, तिळाचे लाडू, गुळाची भेली. किल्ली माझ्या खिशात.

चार-पाच दिवसांनी रात्री दोनच्या सुमाराला पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात अंधारात काहीतरी हललं. माय चुलीपाशी पाय दुमडून बसली होती. हातात शिळी भाकर, पुढ्यात ताटलीत तिखट-मीठ आणि त्यावर कच्चं जवसाचं तेल. दिवा लावला तर तिनं घास तोंडातच धरला, चावेना. पोर चोरी करताना सापडावं तसा चेहरा. मग हळूच गिळला आणि म्हणाली, "मले भूक लागली बाप्पा. खोटी नाई. खरी लागली."

मी म्हणालो, "नऊ वाजता चार भाकरी खाल्ल्यास. तुझी भूक पोटात नाही माय, डोक्यात आहे."

मी ते टोचून बोललो होतो. ते शब्दशः खरं आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तसं ते माहीत असायला हवं होतं, कारण चार वर्षांपूर्वी, १९९४ मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेनं लेप्टिन नावाचं, भुकेला आवर घालणारं संप्रेरक शोधून काढलं होतं. आमच्या पाठ्यपुस्तकात ते नव्हतं आणि पाठ्यपुस्तकाबाहेर मी तेव्हा वाचत नव्हतो.

त्या शोधामागं एका उंदराची गोष्ट आहे, ती मी आता वर्गात दरवर्षी सांगतो. १९४९ साली अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत एका पिंजऱ्यात एक उंदीर विलक्षण लठ्ठ निघाला. जन्मजात दोष, खातच सुटायचा. पुढं डग्लस कोलमन नावाच्या संशोधकानं एक अघोरी वाटावा असा प्रयोग केला. दोन उंदरांची कातडी एकमेकांना शिवून टाकली, म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्यात खेळावं. लठ्ठ पण मधुमेही अशा दुसऱ्या जातीच्या उंदराला धडधाकट उंदीर जोडला, तर धडधाकट उंदरानं खाणं सोडलं आणि तो उपाशी मेला. पुढ्यात अन्न होतं. पण शेजाऱ्याच्या रक्तातून 'भरलं, भरलं' असा निरोप इतक्या जोरात येत होता की त्याला भूकच लागेना. ज्याचा तो निरोप होता त्या लठ्ठ्याला मात्र तो ऐकूच येत नव्हता.

तो निरोप म्हणजे लेप्टिन. अंगावरच्या चरबीनं मेंदूला धाडलेला. चरबी जितकी जास्त तितका निरोप मोठा. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे; तिथं पेशींचे दोन गट शेजारी-शेजारी बसलेत. एक गट 'खा' म्हणतो, दुसरा 'पुरे'. लेप्टिन पहिल्याला दाबतं आणि दुसऱ्याला उठवतं. १९९७ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी दोन चुलत भावंडं नोंदवली, एक आठ वर्षांचं, ८६ किलोचं, दुसरं दोन वर्षांचं, २९ किलोचं. त्यांच्या अंगात लेप्टिन बनतच नव्हतं. अशा मुलांना पुढं लेप्टिन टोचायला लागल्यावर त्यांची भूक काही दिवसांत माणसांसारखी झाली. कुलूप नाही, शिव्या नाहीत.

मग सगळ्याच जाड माणसांना लेप्टिन का टोचत नाहीत? कारण त्यांच्या रक्तात ते आधीच भरपूर असतं. निरोप येतोय, दारात कोणी घेत नाही. आमच्या गावात पूर्वी पोस्टमन यायचा तेव्हा ज्या घरात वाचणारं कोणी नसायचं त्या घरातली पत्रं फडताळात तशीच साठायची. तसंच काहीसं.

वाचता का येत नाही, याच्या उत्तरात पुन्हा चरबीच आहे, पण यावेळी आतली. उंदरांना तेलकट-तुपकट खाद्यावर ठेवलं की वजन वाढायच्या आधीच, पहिल्या दोन-तीन दिवसांत, हायपोथॅलॅमसमध्ये सुजेची लक्षणं दिसू लागतात, असं २०१२ मध्ये अमेरिकन संशोधकांनी दाखवलं. पामिटिक आम्लासारखी संपृक्त चरबी तिथं पोचते, तिच्यापासून पेशींत सेरामाइड नावाचे स्निग्ध रेणू साठतात, आणि साठले की पेशीला लेप्टिनची आणि इन्सुलिनची हाक ऐकू येईनाशी होते. म्हणजे घरात इतकं तेल सांडलंय की पोस्टमनचा पाय दारातच घसरतो.

उंदीर म्हणजे माय नव्हे, हे मला कळतं. पण पामिटिक आम्ल वाचलं आणि मला आमच्या घरचं पामतेल आठवलं. घाणी बाबांच्या डोळ्यांदेखत बसली. जवस पेरणारे सोयाबीनकडं वळले, ज्वारी गेली, करडी गेली. पाकिटातलं तेल घाणीच्या तेलापेक्षा स्वस्त मिळू लागलं. शेवटी तेल्याच्या घरात रेशनचं पामतेल आलं. थंडीत ते डब्यात तुपासारखं गोठायचं आणि माय चमच्यानं खरवडताना म्हणायची, "हे तेल नाई बाप्पा, मेन हाय." पामतेलात ४० टक्क्यांहून जास्त पामिटिक आम्ल असतं, थंडीत ते गोठतं ते त्यामुळंच. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ जातीचं आम्ल, म्हणून ते पौषातही वाहतं. मायला आम्लं माहीत नव्हती. ती तेल बोटावर घेऊन ओळखायची.

आता मला जे सगळ्यात आवडतं ते सांगतो, आणि थोडं लांबवतो.

आमच्याकडं गोळाभात होतो. डाळीचा भरडा तिखट-मीठ घालून मळायचा, त्याचे गोळे भातावर वाफवायचे, ते गरम भातात कुस्करायचे आणि वरून हिंग-लाल मिरचीनं कढवलेल्या तेलाची धार. ती धार भातावर पडते तेव्हा चर्र असा आवाज होतो, आणि त्या आवाजानंच तोंडाला पाणी सुटतं. जेवून उठलेला माणूस पुन्हा बसतो. मी स्वतः बसलेलो आहे. तेव्हा पोटात कुठंच भूक नसते. मग ही कोण जेवते?

तिचं नाव संस्कृतातून आलंय. १९९२ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात राफाएल मेशूलम यांच्या प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूतून एक स्निग्ध रेणू वेगळा काढण्यात आला. हेच मेशूलम, ज्यांनी १९६४ मध्ये गांजातलं नशा आणणारं मूळ द्रव्य शोधलं होतं. गांजा मेंदूतल्या ज्या कुलपात बसतो ते कुलूप निसर्गानं गांजासाठी थोडंच बनवलं असणार. घरची किल्ली कुठंतरी असलीच पाहिजे, असा त्यांचा हिशेब. ती घरची किल्ली सापडली आणि तिचं नाव ठेवलं आनंदामाइड. 'आनंद'वरून. भजनाच्या रात्री पाराच्या मागं चिलीम ओढून आलेली मंडळी पहाटे आमच्या दारात उभी राहून "वहिनी, भाकर हाय का काई?" विचारायची आणि टोपलं रिकामं करून जायची, त्याचं कोडं मला तेव्हा उलगडलं. कुलूप एकच. ते उघडलं की खाण्यात आनंद वाटतो, आणि खात राहावंसं वाटतं.

आनंदामाइड मेंदूतल्या पेशींच्या आवरणातल्या चरबीतूनच घडतं, लागेल तेव्हा, लागेल तिथं. साठवून ठेवलेलं नसतं. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये उंदरांच्या जिभेवर चरबी लागू दिली पण ती पोटात साठू दिली नाही, तरी आतड्यात याच जातीचे रेणू वाढले. साखरेनं वाढले नाहीत, प्रथिनांनी नाहीत. चरबीनंच वाढले. तेलाची धार बघून परत बसणारा मी एकटा नाही.

आणि याच्या उलट एक बहीण आहे. ओलेइलइथॅनॉलामाइड, उच्चारायला कठीण, पण नातं सरळ: आनंदामाइडचं आणि हिचं डोकं एक, शेपटी वेगळी. ही आतड्यात बनते, ओलेइक आम्लापासून, जे शेंगदाण्याच्या तेलात भरपूर असतं. ही मेंदूला सांगते, 'झालं, आता हात धू.' दोघी तेलाच्याच पोरी. एक वाढते, एक पान उचलते. जावा-जावांचं घर चालतं तसं हे चालतं, आणि दोघींतल्या एकीचा आवाज बसला की काय होतं ते सांगायला नको.

लोकांना वाटलं, आनंदाचं कुलूपच बंद करून टाकावं. रिमोनाबँट नावाची गोळी २००६ मध्ये युरोपात वजन कमी करायला आली. वजन उतरलं. पण घेणाऱ्यांना उदासी येऊ लागली, काहींच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार यायला लागले, आणि २००८ मध्ये गोळी बाजारातून काढावी लागली. जेवणातला आनंद वेगळा आणि बाकीचा वेगळा अशा दोन बरण्या डोक्यात ठेवलेल्या नाहीत. हे वाचलं त्या दिवशी मला फडताळाची किल्ली आठवली. मी कुलूप लावलं त्या महिन्यात माय दारात बसून राहायची. कोणाशी बोलायची नाही. मला वाटलं होतं रुसली.

मेशूलम यांच्याच वर्तुळातला आणखी एक प्रयोग आहे. उंदराच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना पहिल्याच दिवशी ते कुलूप बंद करणारं औषध दिलं, तर ती आईला लुचेनात. दूध पुढ्यात असून बहुतेक पिल्लं मेली. मी हे पोरीला सांगितलं नाही. पण नात दुधासाठी मान इकडं-तिकडं फिरवते, तोंड उघडून हवेत शोधते, तेव्हा मला दिसतं ते हे: जगातली पहिली भूकसुद्धा पोटातली नाही.

मायच्या रात्रीच्या भुकेचं उत्तर बहुधा मला २०२२ मध्ये मिळालं. 'बहुधा' म्हणतो, कारण एका बाईवरून सिद्धांत होत नाही. कोलोन, म्युन्स्टर आणि येलच्या संशोधकांचं काम. रात्रभर उपाशी राहिल्यावर रक्तात एक स्निग्ध रेणू वाढतो, तो मेंदूत शिरतो, तिथं ऑटोटॅक्सिन नावाचं विकर त्याचं लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल करतं, आणि हे आम्ल मेंदूच्या वरच्या थरातल्या पेशी चेतवतं. चेतलेला मेंदू पुढच्या जेवणाला नेहमीपेक्षा जास्त मागतो. उंदरांमध्ये ते विकर अडवलं तर उपाशी ठेवूनही ते कमी खातात, आणि लठ्ठ उंदरांचं वजन उतरतं. ज्या माणसांत या निरोपाला लगाम घालणारं जनुक बिघडलेलं असतं त्यांच्यात लठ्ठपणा आणि मधुमेह जास्त आढळला.

माय सोमवार करते, गुरुवार करते, एकादशी करते. आम्ही म्हणायचो, एकादशी अन् दुप्पट खाशी. पण साबुदाण्याची उसळ तिला चालत नाही, शुगर निघाल्यापासून ती उपास कडक करते, पाण्यावर. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तिच्या अंगात जी भूक उठायची ती मी पाहिली आहे. हात थरथरायचे. तिला वाटायचं आपण पापी आहोत, देवाचा उपास आपल्याला सोसत नाही. आम्हालाही तसंच वाटायचं, थोड्या वेगळ्या शब्दांत.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धट्ट्याकट्ट्या तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं, स्वखुशीनं आलेल्यांना. त्यांचं पाव वजन गेलं. नंतर पोटभर मिळू लागल्यावर त्यांतले काही पोट टम्म होईतो खायचे आणि तरी भूक आहे म्हणायचे. वजन मूळ आकड्याच्या वर गेलं, तेही चरबीनं. २४ आठवडे. मायनं सुकडी पदरात किती दिवस बांधली होती, मी कधी विचारलं नाही. परवा विचारलं. ती म्हणाली, "दिवस कोन मोजते बाप्पा. भाऊ मोजत होते, आज किती आनली थे."

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम या संदर्भात वाचलं पाहिजे. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं आणि इंग्लंडमधली बाळं त्यांनी ताडून पाहिली. आपली सरासरी २.७ किलो, त्यांची ३.५. आपल्या बाळांत स्नायू कमी, पण चरबी त्या मानानं राखलेली. हाडकुळं पण चरबीवालं बाळ. मोठेपणीही तेच. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखा, २२.३, अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांत २१.२. दोघांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आता आमच्या गावात मी तोच फोटो चावडीवर रोज बघतो. काटकुळे पाय, आणि शर्टाची चौथी गुंडी ताणलेली. आणि त्यातल्या निम्म्यांना शुगर. त्यांना कोणी 'चरबी चढली' म्हणत नाही, कारण चढलेली दिसत नाही.

नागपूरला माझा भाचा असतो, बँकेत. त्यानं यंदा वजन उतरवायचं इंजेक्शन सुरू केलं, आठवड्याला एक. दिवाळीला आला तर अनारशाकडं बघेना. "मामा, आता खायची आठवणच येत नाही," म्हणाला. ती औषधं मेंदूतल्या त्याच बदामाएवढ्या भागावर काम करतात, असं मी मायला सांगत होतो. ती वाती वळत होती. थांबली आणि म्हणाली, "म्हंजे त्याची भूक सुईनं जाते. मायी शिव्यानं जावी म्हनत होते तुमी."

मी काही बोललो नाही. तिनं वात पूर्ण केली, तेलात बुडवली.

परवा आशाताई बाळाचं वजन करायला येणार होत्या, पाऊस लागला, आल्या नाहीत. पोरीला धीर निघेना. दोन महिने झाले, दूध पुरतंय की नाही हे तिला आकड्यात हवं होतं. घाणी बंद आहे, पण ढेपीचा धंदा मी थोडाफार ठेवलाय, त्यामुळं दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आहे. पण लोखंडी पाट्यावर एवढ्याशा जिवाला ठेवणार कसं? बाळाला घेऊन कोणीतरी उभं राहायचं, मग एकट्यानं उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची.

पोरीचे टाके दुखत होते. बायको शेतात गेली होती. मी बाळाला घ्यायला हात पुढं केला तर माय म्हणाली, "तुले धरता येत नाई." खरं आहे, टाळूला तेल लावलेलं बाळ माझ्या हातातून निसटतं.

माय बाळाला छातीशी घेऊन काट्यावर चढली. चाळीस वर्षांनी. काटा हलला, स्थिर झाला. मी आकडा लिहिला. तिनं बाळ पोरीकडं दिलं आणि पुन्हा चढली, एकटी, नऊवारीचा सोगा हातात धरून, समोरच्या भिंतीकडं बघत. मी दुसरा आकडा लिहिला आणि वजाबाकी केली.

"माया आकडा नोको सांगू," ती म्हणाली. "पोरीचा सांग."

"चार किलो आठशे."

"मंग ठीक हाय," माय म्हणाली, आणि उतरून तेलाची वाटी शोधायला लागली.